जुने मराठी चित्रपट टीव्हीवर का दिसत नाहीत? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबागेच्या बाजूला आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बैठकीत जमतो, जुना मराठी चित्रपट लावतो आणि संपल्यावर चहा पिता पिता एखाद्या वाहिनीला पत्र लिहितो. उद्योग एवढाच. पण तो गावात कळल्यापासून लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाड्यावर, छप्पन दुकानला पोहे खाताना लोक गाठतात आणि तेच तेच विचारतात. दर वेळी उभ्या उभ्या उत्तर देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. जुना म्हणजे नक्की किती जुना? अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे जुन्यात धरता का?

विशीतल्या पोराला विचाराल तर ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) म्हणजे शिवकाल. आमची रेघ जरा मागे आहे : १९३२चा ‘अयोध्येचा राजा’, म्हणजे पहिला मराठी बोलपट, तिथपासून १९८२च्या ‘उंबरठा’पर्यंत. पन्नास वर्षं. त्यानंतरच्या चित्रपटांवर राग नाही, पण ते व्हिडिओ कॅसेटच्या काळातले. त्यांच्या प्रती झाल्या, टिकल्या, आणि आजही टीव्हीवर लागतात. त्यांच्यासाठी पत्र लिहिण्याची वेळ आलेली नाही.

२. हे चित्रपट का दाखवत नाहीत? लोक बघत नाहीत म्हणूनच ना?

आम्हालाही आधी तसंच वाटायचं. चार वर्षं पत्रं लिहिल्यावर मत बदललं. आवडनिवड पुढची गोष्ट, आधी दोन दारं बंद असतात. पहिलं दार प्रतीचं. टीव्हीवर लावण्याजोगी स्वच्छ डिजिटल प्रत कुणाकडे तरी हवी. सिनेमागृहात चाललेली, ओरखडे पडलेली, मधली दहा मिनिटं गायब असलेली प्रत वाहिनीच्या तांत्रिक तपासणीत नापास होते. दुसरं दार कागदाचं. हक्क कुणाचे, हे लेखी दाखवता आलं पाहिजे. निर्माता वारला, कंपनी बुडाली, तीन मुलांत वाटणी झाली, एकानं हक्क विकले आणि दोघांना पत्ताच नाही, असे चित्रपट ढीगभर आहेत. वाहिनीचा वकील अशी फाईल उघडतच नाही.

ही दोन्ही दारं उघडली तरच प्रेक्षकसंख्येचा प्रश्न येतो. प्रतीबद्दल १० वा आणि कागदाबद्दल ११ वा प्रश्न पाहा.

३. मग तेच ते दहा-बारा चित्रपट फिरून फिरून का लागतात?

कारण त्यांची दोन्ही दारं उघडी आहेत. शिवाय वाहिन्या चित्रपट सुटे घेत नाहीत, गठ्ठ्यानं घेतात, ठरावीक वर्षांसाठी. पैसे एकदा भरले की जितक्या वेळा लावाल तितका माल वसूल. दिवाळीच्या फराळात चिवडा जास्त झाला की तुळशीच्या लग्नापर्यंत चिवडाच. यात कुणाचा कट वगैरे नाही.

४. आम्ही इंदूरवाले. आम्ही मराठी वाहिनी लावली काय, न लावली काय, कुणाला फरक पडतो?

खरं सांगायचं तर फारसा नाही. टीव्ही कोण काय बघतं हे ‘बार्क’ ही संस्था मोजते. देशभरातल्या निवडक घरांत मीटर बसवलेले असतात आणि त्यावरून आकडे निघतात. मराठी वाहिन्यांना जाहिरात देणाऱ्याची नजर महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेच्या आकड्यांवर असते. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, बडोदा इथली मराठी घरं त्या हिशेबाबाहेर. होळकरांनी आपल्याला इथं आणून वसवलं, याची मोजणी करणाऱ्यांना काय कल्पना!

म्हणून आपण रिमोटनं मत देऊन उपयोग नाही, पत्रानं द्यावं लागतं. पत्र मोजलं जात नसलं तरी वाचलं जातं. कसं लिहायचं ते १७ व्या प्रश्नात आहे.

५. पूर्वी तर दूरदर्शनवर लागायचे की! तेव्हा कसं जमत होतं?

तेव्हा विकायचं काही नव्हतं. पण आठवणींत थोडी भेसळ होते, म्हणून सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट हा मुंबई-पुण्याच्या लोकांचा नेम झाला. तो इंदुरात दिसत नव्हता. आपल्या वाट्याला आलं ते १९८२नंतरचं दिल्लीचं राष्ट्रीय प्रसारण, आणि त्यातला रविवारी दुपारचा प्रादेशिक चित्रपट. पुरस्कार मिळालेला, खाली इंग्रजी अक्षरं, आणि दर आठवड्याला भाषा वेगळी. मराठीची पाळी कधी येते याकडे घरं डोळे लावून असायची. आमच्या काकूंनी एकदा मराठी आहे असं समजून जेवणं लवकर उरकली, लागला असमिया. म्हणाल्या, “आता बसलोच आहोत तर बघू.” शेवटपर्यंत बघितला आणि रडल्याही.

आज मुंबईची सह्याद्री वाहिनी उपग्रहावरून इथं येते, दूरदर्शनच्या फ्री डिशवर महिन्याचे पैसे न भरता दिसते. केबल असेल तर केबलवाल्या भैयाला क्रमांक विचारून घ्या. बऱ्याच घरांत ती येत असते, कुणी शोधलेली नसते.

६. तुमची यादी काय आहे? कोणते चित्रपट मागायचे?

या उत्तरावरून आमच्यात दोनदा भांडण झालंय. तेव्हा हे माझं मत समजा.

सगळ्यात वर ‘कुंकू’ (१९३७). ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) प्रभात फिल्म कंपनीसाठी केला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्याला नवरा मानायलाच नकार देते, बस्स, एवढीच गोष्ट. शांता आपटे त्या घरात ज्या ताठ मानेनं वावरतात ते आजच्या मालिकांतल्या एका सुनेलाही जमत नाही. आणि केशवराव दाते! म्हाताऱ्याचा आधी राग येतो, मग कीव, आणि शेवटी पोटात खड्डा पडतो. पार्श्वसंगीत असं जवळजवळ नाहीच, घरातले आवाजच वाजतात. घड्याळाकडे लक्ष ठेवा.

‘संत तुकाराम’ (१९३६) सगळ्यांना माहीत असतो, पाहिलेला थोड्यांनी असतो. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली, हे सगळे सांगतात. मला विचाराल तर चित्रपट गौरीबाईंच्या आवलीचा आहे. देवावर चिडलेली, पोरांच्या पोटाची चिंता वाहणारी आणि तरीही नवऱ्याची भाकरी घेऊन डोंगर चढणारी ती बाई आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी होऊन गेलेली असते.

राजा परांजपे यांचे तर आठवड्याला एक लावले तरी दोन महिने पुरतील : ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘ऊनपाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०), ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३), ‘पाठलाग’ (१९६४). ‘पाठलाग’वरून पुढे हिंदीत ‘मेरा साया’ झाला. तो टीव्हीवर लागतो, मूळ लागत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

सत्तरीतले घ्यायचे तर जब्बार पटेल यांचा ‘सामना’, जो १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर बसून फक्त बोलतात आणि आपण खुर्चीच्या टोकावर येतो. ‘सिंहासन’ (१९७९) तर निवडणुकीच्या हंगामात दर वेळी लावावा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री. सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) सुलभा देशपांडेंसाठी. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ (१९७९) रँडच्या वधावरचा, पण कुठेही तुतारी न फुंकणारा.

‘पिंजरा’ मुद्दाम घेतला नाही, तो लागत असतो. दादा कोंडके यांच्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

७. लताबाई इंदूरच्या. त्यांनी संगीत दिलेले चित्रपट आहेत म्हणतात, ते कोणते?

जन्म इंदूरचा, शीख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९. त्या दिवशी दर वर्षी वाहिन्या गाणी लावतात, चित्रपट एकही लावत नाहीत. त्यांनी संगीत दिलेले चित्रपट पाच : ‘राम राम पाव्हणं’ (१९५०) आणि नंतर ‘आनंदघन’ या नावानं ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५), ‘तांबडी माती’ (१९६९). भालजी पेंढारकरांच्या घरोब्यातून हे घडलं, आणि आनंदघन म्हणजे कोण हे बरेच दिवस पुष्कळांना ठाऊक नव्हतं. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते उघड झालं.

एकच मागायचा असेल तर ‘साधी माणसं’ मागा. जयश्री गडकर आणि सूर्यकांत, लोहाराचं घर, गाव सोडून कोल्हापुरात आल्यावर त्या घराची होणारी परवड. ऐरणीचं गाणं पाठ असलेल्या शंभरांतल्या नव्वदांनी चित्रपट पाहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

८. ‘श्यामची आई’तली आई आपल्याकडची होती, खरं का?

खरं. वनमालाबाई ग्वाल्हेरच्या पवारांच्या घरातल्या. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मधली (१९४१) नायिकाही त्याच. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. शेवटी त्या ग्वाल्हेरलाच राहिल्या, २००७ मध्ये तिथंच वारल्या. मागताना साल लिहायला विसरू नका, कारण १७ व्या प्रश्नात आहे.

९. आमच्या नातवंडांना मराठी ऐकून कळतं, पण जुनी मराठी जड जाते. त्यांना काय दाखवू?

प्रभातनं हा प्रश्न आपल्यासाठी आधीच सोडवून ठेवलाय. एकाच सेटवर, एकाच वेळी ते मराठी आणि हिंदी असे दोन चित्रपट करायचे. डब केलेले नव्हेत, प्रसंग दोनदा चित्रित केलेले. ‘कुंकू’चा हिंदी अवतार ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा (१९३९) ‘आदमी’, ‘शेजारी’चा (१९४१) ‘पडोसी’. इंदूरच्या पोरांना हिंदी आधी दाखवावा आणि आवडला की आठवड्यानं मराठी.

‘शेजारी’ची तर दोन्ही रूपं पाहण्यासारखी आहेत. गोष्ट एका गावातल्या हिंदू पाटलाच्या आणि मुसलमान मिर्झाच्या जिवलग मैत्रीची, धरणाच्या कंत्राटापायी तुटणाऱ्या. मिर्झा झालेत गजानन जागीरदार, आणि हिंदीत हिंदू ठाकूर झालेत मझहर खान. शांतारामबापूंनी १९४१ मध्ये हे मुद्दाम केलं होतं.

‘उंबरठा’ही हिंदीत ‘सुबह’ म्हणून आहे, स्मिता पाटील दोन्हींत. ‘जैत रे जैत’चं मात्र हिंदी रूप नाही. त्याची गरजही नाही, ढोल आणि डोंगर कळायला भाषा कशाला हवी?

१०. ‘त्याची प्रतच नाही’ असं सांगतात. हे खरं असतं की टाळाटाळ?

दोन्ही असू शकतं. १९५०च्या आसपासपर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फितीवर निघत. ती भयंकर ज्वालाग्राही, आणि जळायला लागली की स्वतःचाच प्राणवायू पुरवते, पाणी ओतून विझत नाही. नाही जळली तरी काळानं चिकट होऊन भुकटी होते. त्यानंतरच्या ‘सेफ्टी’ फितीला वेगळाच रोग : ती आंबते आणि डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. त्यावर माणसांचं दुर्लक्ष. चांदीसाठी जुनी रिळं वितळवली गेली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कुठेही नाही, फक्त छायाचित्रं उरली आहेत.

पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेलं. पी. के. नायर यांनी ते अक्षरशः घरोघर हिंडून उभं केलं. फाळक्यांच्या चित्रपटांची जी रिळं आज आहेत, ती त्यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोचून मिळवलेली. त्याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटच्या कोठाराला आग लागून शेकडो चित्रपटांची रिळं गेली. २०२२ पासून संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आलंय. प्रत आहे का, हे विचारायची पहिली जागा तीच.

आणि ‘प्रत नाही’ हे कधीच शेवटचं उत्तर धरू नका. तेंडुलकरांच्या नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६), ओम पुरींचा पहिला चित्रपट, नाहीसा झाल्यात जमा होता. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडे एक प्रत राहिली होती, तिच्यावरून तो परत उभा राहिला. पुण्याचा कोतवाल सापडला बर्लिनमध्ये.

११. साठ वर्षं झाली की चित्रपट सगळ्यांचा होतो ना? मग आमच्या केबलवाल्यानं बिनधास्त लावावा की!

अर्धं बरोबर. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं चालतो. १९६३ मध्ये आलेल्या चित्रपटाचा ३१ डिसेंबर २०२३ला संपला, ‘साधी माणसं’चा २०२५च्या अखेरीला. इथवर ठीक.

पण चित्रपट ही एकट्याची मालमत्ता नसते. आतली कविता, संगीत, ज्या कादंबरीवरून घेतला ती कादंबरी, यांचे हक्क वेगळे, आणि ते लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ‘जगाच्या पाठीवर’ घ्या. चित्रपट १९६०चा, त्याची मुदत २०२० अखेर संपली. गीतं गदिमांची, ते १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांची मुदत २०३७ पर्यंत. संगीत सुधीर फडक्यांचं, बाबूजी २००२ मध्ये गेले, म्हणजे २०६२. आता या वेगळ्या हक्कांचा मुदत संपलेल्या चित्रपटावर नेमका किती अंमल, हा वकिलांच्या वादाचा विषय. वाहिनीला वादच नको असतो, ती दुसरा चित्रपट लावते.

आणखी एक गाठ. हक्क संपला तरी प्रत ज्याची त्याचीच. कायदा ‘दाखवा’ म्हणेल, कपाटाची किल्ली देणार नाही. स्वच्छ प्रत ज्याच्याकडे, त्याच्याकडेच जावं लागतं. म्हणून हा प्रश्न फिरून १० व्यावरच येतो.

१२. आमच्या माळ्यावर पत्र्याचे गोल डबे सापडलेत. आत फिल्म आहे. काय करू?

आधी विडी-काडी लांब ठेवा. खरंच.

हा प्रश्न इतर गावांपेक्षा इंदुरात जास्त येतो, आणि त्याला कारण आहे. चित्रपट वितरणात देशाचे जे विभाग पडतात, त्यांतला मध्य भारताचा, धंद्याच्या भाषेत ‘सी. आय.’, त्याचं ठाणं इंदूर. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रिळांचे डबे इथं उतरायचे आणि इथून गावोगावच्या टॉकीजला जायचे. परत आलेले सगळेच मुंबईला गेले असं नाही. काही गोदामात राहिले, काही भंगारात, काही कुणाच्या माळ्यावर.

डबा सावलीत, थंड जागी, आडवा ठेवा. फीत उलगडून बघण्याचा मोह आवरा, ती तडकते. कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं तर ती पेट घेणारी नाही. छापलेलं नसेल आणि चित्रपट पन्नास सालाआधीचा असेल, तर नायट्रेट समजून घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. कुरिअरनं पाठवू नका. मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशनही अशा कामात आहे. डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. चिठ्ठी आधी गळून पडते आणि मग आत काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

भंगारवाला किलोनं मागतो, देऊ नका.

१३. टॉकीजमध्ये पाहिला होता तेव्हा मोठा होता. टीव्हीवर लागला तो लवकर संपला, आणि सगळे लठ्ठ दिसत होते!

तिन्ही तक्रारी एकाच वेळी करणारे एक आजोबा आहेत, त्यांना मनापासून उत्तर देतो.

लवकर संपण्याची कारणं दोन. एक म्हणजे कात्री. तासाला बारा मिनिटांहून जास्त जाहिराती दाखवू नयेत असा नियम आहे. तीन तासांच्या खणात छत्तीस मिनिटं जाहिराती गेल्या तर चित्रपटाला उरतात एकशे चव्वेचाळीस. चित्रपट त्याहून मोठा असेल तर आधी गाण्याचं दुसरं कडवं जातं, मग अख्खं गाणं, मग एखादं पात्र. दुसरं कारण निरुपद्रवी आहे. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांनी काढलेला, आपल्या टीव्हीची जुनी पद्धत पंचवीस चित्रांची. जुन्या पद्धतीनं टीव्हीसाठी उतरवलेली प्रत त्यामुळे थोडी पळते. एकशे पन्नास मिनिटांचा चित्रपट एकशे चव्वेचाळीस मिनिटांत संपतो, एक चौकटही न कापता, आणि गाणी किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतात. कानसेनांना ते खटकतं.

लठ्ठपणाचं म्हणाल तर जुना पडदा चार बाय तीनच्या प्रमाणात होता, आजचा टीव्ही सोळा बाय नऊ. मधली जागा भरायला चित्र ताणलं की माणसं एक तृतीयांश रुंद होतात. रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण असतं, चार बाय तीन करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. वाहिनीनंच ताणून पाठवलं असेल तर मात्र इलाज नाही. मग पत्र लिहा.

१४. काही चित्रपट ‘ए’ प्रमाणपत्राचे होते म्हणून लागत नाहीत का?

हो. टीव्हीवर ‘ए’ चालत नाही. निर्मात्यानं काटछाट करून सेन्सॉरकडून नव्यानं ‘यू’ किंवा ‘यूए’ प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटासाठी तो खर्च कोण करणार, हा प्रश्नच आहे.

१५. रंगीत करून लावले तर नवी पिढी बघेल. का करत नाहीत?

‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला आणि चालला, तेव्हापासून हा प्रश्न आहे. त्याला लागलेला पैसा मराठी चित्रपटाला कोण देणार, हे एक. दुसरं माझं मत : ‘कुंकू’तल्या त्या अंधाऱ्या माजघराला रंग दिला तर काय उरेल? ज्यांना पैसे घालायचे आहेत त्यांनी ओरखडे काढायला आणि आवाज साफ करायला घालावेत. नवी पिढी काळं-पांढरं बघत नाही असं म्हणणाऱ्यांनी २०२३चा नवा ‘श्यामची आई’ आठवावा, तो मुद्दाम कृष्णधवल केलाय.

१६. यूट्यूबवर सगळं आहे. टीव्ही हवाच कशाला?

सगळं नाही, बरंच आहे. त्यातही दोन तासांचा चित्रपट दीड तासात, मधोमध कुणाच्या तरी दुकानाचा फोन नंबर. ज्यांना शोधता येतं त्यांनी शोधावं, आम्हीही तेच करतो. पण आमच्याकडे येणाऱ्यांत निम्म्या बायका सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांना मोबाइलवर शोधायला सांगणं म्हणजे नातवाची मनधरणी करायला सांगणं. टीव्हीवर दुपारी दोनला लागतो म्हटलं की त्या स्वतःच्या हातानं लावतात, शेजारणीला हाक मारतात, आणि संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून त्यावर बोलतात. आम्हाला ते फाटकाशी बोलणं परत हवंय.

१७. पत्र लिहायचं तर कसं? आम्ही लिहिलं होतं, उत्तर आलं नाही.

‘जुने चांगले चित्रपट दाखवा’ असं लिहिलंत का? मग उत्तर येणार नाही. त्यावर करायचं काय, हे वाचणाऱ्यालाही कळत नाही. एका पत्रात एकच चित्रपट. नाव, साल, दिग्दर्शक, निर्मिती संस्था. जमलं तर प्रत कुठे असू शकेल ते. आणि निमित्त : जयंती, पुण्यतिथी, पाऊस, आषाढी. निमित्त दिलं की वाहिनीतल्या माणसाला वरिष्ठांपुढे बोलायला काहीतरी मिळतं.

साल का, ते अनुभवानं शिकलो. आम्ही एकदा नुसतं ‘कुंकू’ मागितलं. फोनवरची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, “सर, ती मालिका संपली.” दुसऱ्या वेळी ‘शेजारी’ मागितला आणि त्या महिन्यात ‘शेजारी शेजारी’ (१९९०) लागला. आम्ही तो हसत हसत पूर्ण पाहिला, पण मागितला नव्हता. ‘श्यामची आई’चेही आता दोन झालेत, सत्तर वर्षांच्या अंतरानं.

पाठवल्यावर दोन महिने थांबा, मग त्याच पत्राची प्रत पुन्हा पाठवा. दहा जणांच्या सह्यांच्या एका पत्रापेक्षा दहा जणांची दहा पत्रं बरी, शब्द मात्र ज्याचे त्याचे हवेत. आमच्या मागणीनंतर आजवर दोनच चित्रपट लागले. पत्रामुळेच लागले का, कोण जाणे. आम्ही जिलेबी मात्र दोन्ही वेळा आणली.

१८. आमच्या गणेशोत्सवात पडद्यावर लावू का?

घरच्या बैठकीत आठ जणांनी पाहणं वेगळं, मांडवात चारशे जणांना दाखवणं वेगळं. मांडवासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या, तिकीट नसलं तरी. मुदतीचं गणित ११ व्या प्रश्नात आहे, पण आपल्याच मनानं सोडवू नका.

१९. नाव आठवत नाही, पण एक चित्रपट होता…

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि आमचा सगळ्यात आवडता. शेवटी धरण फुटतं आणि दोन म्हातारे मित्र एकमेकांना धरून असतात : ‘शेजारी’. आंधळी मुलगी रस्त्यावर गाते : ‘जगाच्या पाठीवर’. वकिलाची बायको वारलेली असते आणि हुबेहूब तिच्यासारखी बाई पकडली जाते : ‘पाठलाग’. पोलीस शिपाई आणि नाचणारी बाई, आणि बाई म्हणते उद्याचं कशाला बोलता : ‘माणूस’.

एक मात्र आम्हाला सुटलेला नाही. नंदानगरच्या एक आजी आहेत. लहानपणी आईच्या मांडीवर बसून राजवाड्याजवळच्या टॉकीजमध्ये पाहिलेला. पावसात बैलगाडीचं चाक रुतलंय, गाडीत एक नवरी आहे, आणि गाडीवान तिच्याकडे पाठ करून भिजत उभा आहे. गाणं नाही, बोलणं नाही. पुढचं काही आठवत नाही, कारण त्यांना झोप लागली. काळा-पांढरा, मराठीच, पन्नास सालाच्या आगेमागे. आम्ही दहा नावं सांगितली, पाच लावून दाखवली. प्रत्येक वेळी त्या चष्मा पुसतात आणि म्हणतात, “हा नाही रे.” कुणाला ओळखू आला तर कळवा.